जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला कोणतं ऑईल? डबा निवडण्यापासून प्लग घट्ट करेपर्यंत

दुकानात जाऊन ‘नव्वद नंबर गिअर ऑईल द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो डबा पुढे करतो. त्याला दोष देता येत नाही, कारण आपण त्याला अर्धीच माहिती दिलेली असते. नव्वद हा फक्त जाडीचा आकडा. त्याच जाडीची, पण आतल्या रसायनांनी अगदी वेगळी अशी दोन ऑईलं एकाच फळीवर शेजारी असतात. जुन्या गिअरबॉक्सला त्यातलं एक मानवतं, दुसरं हळूहळू त्रास देतं.

मारुती ८००, ओम्नी, झेन, जिप्सी, पद्मिनी, सँट्रो, इंडिका, जुनी होंडा सिटी अशी हाताने गिअर टाकायची जुनी गाडी जे अजून प्रेमाने चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘कोणत्या कंपनीचं ऑईल चांगलं?’ कंपनी ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी गाडीत ऑईलच्या जागा किती ते पाहायचं, मग गाडीसोबत मिळालेल्या मालकाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते, मग ऑईलचा वर्ग (जीएल-४, जीएल-५, म्हणजे आत कोणती रसायनं किती आहेत ते), मग जाडी आणि मग डबा. हा क्रम उलटला की पैसेही जातात आणि गिअरबॉक्सही.

टप्पा १: दोष ऑईलचाच आहे का, ते आधी ठरवा

गिअर कर्रकन वाजतो म्हणून ऑईल बदलायला निघालेल्या निम्म्या गाड्यांत खरा दोष क्लचचा असतो. तपासायला एक मिनिट लागतं.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि हळूच रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळे आतले गिअर फिरतच राहिले असतील तर तो लगेच ओरडतो. पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स वाजला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ताणून घ्या किंवा क्लच प्लेट बघा. कोणतंही ऑईल हा दोष झाकणार नाही.

दुसरी गोष्ट गिअर लिव्हरची. बंद गाडीत लिव्हर न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवून बघा. खूप ढिला वाटला, तर रॉडचे बुश गेलेत. चौथ्याऐवजी दुसरा पडणं किंवा पहिला शोधावा लागणं ही बुशची लक्षणं आहेत.

आता ऑईलकडे बोट दाखवणारी लक्षणं. सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर जड जातो आणि नंतर सुटतो: ऑईल गरजेपेक्षा जाड आहे. थंड असो वा गरम, पटकन गिअर बदलला की दुसरा आणि तिसरा खरखरतात, पण सावकाश टाकला तर नीट पडतात: सिंक्रो पकड घेत नाही. हे चुकीच्या वर्गाच्या ऑईलने होतं, तसंच झिजलेल्या रिंगमुळेही होतं. दोन्हींत फरक करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे योग्य ऑईल भरून पाहणं.

हे मी अनुभवावरून सांगतो. आमच्या घरातल्या नव्वदच्या दशकातल्या छोट्या गाडीचा दुसरा गिअर वर्षभर वाजत होता. एका गॅरेजमध्ये सांगितलं, ‘सिंक्रो गेले, बॉक्स उतरवावा लागेल.’ उतरवण्याआधी मी ऑईल काढलं, तर मधासारखं जाड, गंधकाच्या उग्र वासाचं ऑईल निघालं. पुस्तकाप्रमाणे जीएल-४ भरलं. दोन आठवड्यांत खरखर जवळजवळ गेली. पूर्ण गेली नाही, कारण रिंग थोडी झिजली होतीच. पण बॉक्स उतरवायची वेळ आली नाही आणि गाडी आजही त्याच रिंगवर चालते.

टप्पा २: ऑईलच्या जागा मोजा

इथे होणारी चूक फार महागात पडते. गाडीखाली वाकून बघा.

पुढची चाकं चालवणारी आणि इंजिन आडवं बसवलेली गाडी (मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका) असेल, तर गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) एकाच खोक्यात असतात आणि दोघांचं ऑईल एकच. यांचा डिफरेन्शियलचा मोठा गिअर साध्या तिरक्या दातांचा असतो. त्याला हायपॉइडची (एकमेकांवर घासत सरकणाऱ्या दातांच्या गिअरची) जबर घासाघीस सोसावी लागत नाही, म्हणून जीएल-४ दोघांनाही पुरतं.

मागची चाकं चालवणारी गाडी (पद्मिनी, अँबेसेडर, ओम्नी, सुमो) असेल, तर पुढे गिअरबॉक्स, मध्ये प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या अ‍ॅक्सलवर क्राऊन-पिनियनचं (डिफरेन्शियलच्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचं) हाऊसिंग असतं. म्हणजे ऑईलच्या जागा दोन, आणि त्यांना लागणारी ऑईलं बहुतेकदा वेगळी.

जिप्सीसारख्या फोर-व्हील ड्राइव्हला चार जागा आहेत: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारं खोकं), पुढचं डिफरेन्शियल, मागचं डिफरेन्शियल. ट्रान्सफर केस विसरला जातो. गिअरबॉक्सचं ऑईल बदललं तेव्हा ट्रान्सफरचंही बदललं का, असं विचारलं तर दहांतले आठजण गप्प होतात.

पुढची चाकं चालवणाऱ्या, पण इंजिन लांबीत बसवलेल्या काही परदेशी गाड्यांत हायपॉइड गिअर आणि सिंक्रो एकाच ऑईलमध्ये बसतात. त्यांना पुस्तकात लिहिलेलंच ऑईल घाला. तिथे अंदाजाला जागा नाही.

*तपासा:* प्रत्येक जागेचा भरायचा प्लग आणि काढायचा प्लग तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय का? पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: गाडीचं पुस्तक शोधा आणि त्याची जुनी भाषा वाचा

मालकाचं पुस्तक हरवलं असेल, तर जुन्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात किंवा त्याच मॉडेलच्या मालकांच्या गटात विचारा. स्कॅन केलेल्या प्रती सहज मिळतात. प्रत घेताना वर्ष आणि गिअरची संख्या जुळवा. मारुती ८०० चार गिअरचीही आहे आणि पाच गिअरचीही. दोन्हींचे बॉक्स वेगळे, मापंही वेगळी.

पुस्तकातून तीनच गोष्टी लिहून घ्यायच्या: ऑईलचा वर्ग, जाडी आणि प्रत्येक जागेत किती लिटर. छोट्या आडव्या इंजिनच्या गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर बसतं, पण तुमच्या बॉक्सचा आकडा पुस्तकातूनच घ्या.

जुन्या पुस्तकांत जीएल हा शब्दच नसेल, तर असं वाचा:

- ‘एमआयएल-एल-२१०५’ (अमेरिकी लष्कराचं जुनं मानक) असं असेल आणि पुढे अक्षर नसेल, तर आजचं जीएल-४ जवळचं.
- त्याच आकड्यापुढे बी, सी किंवा डी असेल, तर जीएल-५.
- ‘हायपॉइड’ हा शब्द डिफरेन्शियलच्या ओळीत असतो. ती ओळ गिअरबॉक्ससाठी वाचू नका. ही चूक मी सुशिक्षित, काळजीपूर्वक माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.
- ‘ईपी’ म्हणजे जास्त दाब सोसणारी रसायनं घातलेलं. त्यावरून वर्ग कळत नाही. ईपी जीएल-४ असू शकतं, जीएल-५ सुद्धा.
- नुसतं ‘मिनरल ९०’ किंवा ‘ईपी नको’ असं लिहिलं असेल, तर पुस्तक फार जुन्या बॉक्सचं आहे. त्याचा शब्द पाळा.

काही गाड्यांना गिअर ऑईल चालतच नाही. जुन्या एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल असतं. होंडाच्या जुन्या मॅन्युअल बॉक्सना त्यांचं स्वतःचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल वापरा, असं त्यांच्याच पुस्तकांत छापलेलं आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी नव्वदच्या दशकातली सिव्हिक किंवा अकॉर्ड सांभाळत असेल, तर त्यात ‘नव्वद नंबर’ टाकायच्या आधी ही ओळ पुन्हा वाचा.

टप्पा ४: जीएल-४ की जीएल-५

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. गैरसमज एकच आहे: पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणजे चांगला. इंजिन ऑईलमध्ये नवा वर्ग जुन्याच्या जागी साधारणपणे चालतो, म्हणून हा समज पक्का झाला. गिअर ऑईलचे वर्ग असे एकावर एक चढत नाहीत. जीएल-४ आणि जीएल-५ ही दोन वेगळ्या कामांची ऑईलं आहेत.

मागच्या डिफरेन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, घासत सरकतात. तिथे साधी ऑईलची पापडी टिकत नाही. म्हणून जीएल-५मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं भरपूर असतात, ढोबळमानाने जीएल-४च्या दुप्पट. धातू तापला की ही रसायनं दाताच्या पृष्ठभागावर एक पातळ थर बनवतात. तो थर झिजतो आणि खालचं पोलाद वाचतं.

गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी रिंग असतात. गिअर टाकताना पितळी रिंग पोलादी शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करते. वेग जुळला की मगच दात आत शिरतात. म्हणजे रिंगला पकड हवी असते. तिच्या आतल्या बारीक खाचांचं काम म्हणजे मधलं ऑईल कापून बाजूला सारणं. जीएल-५मधली रसायनं तिथेही थर बनवतात. रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. ती खरखर म्हणजे हेच.

शिवाय गंधकाला पितळ आणि तांबं आवडतं. पितळावरचा काळा थर सुटताना थोडं पितळही घेऊन जातो. आजची चांगली जीएल-५ ऑईलं पितळाला पूर्वीइतकी खात नाहीत, हे खरं आहे. तांब्याच्या पट्टीच्या चाचणीत ती चांगले आकडे दाखवतात. पण ती चाचणी पितळ गंजतं का एवढंच सांगते. रिंग पकड घेते का, हे ती सांगत नाही. म्हणून ‘आमचं जीएल-५ पितळाला सुरक्षित आहे’ हे ऐकून जुन्या गिअरबॉक्समध्ये ते टाकू नका.

उलट चूकही तितकीच वाईट. मागच्या हायपॉइड डिफरेन्शियलमध्ये जीएल-४ टाकलं, तर क्राऊन-पिनियनचे दात खरवडले जातात. ओम्नीवाले एकच डबा आणून दोन्हीकडे ओततात. त्यात गिअरबॉक्स वाचला तर मागचं जातं, मागचं वाचलं तर गिअरबॉक्स.

आता डब्यांवरच्या गोंधळात टाकणाऱ्या दोन गोष्टी. ‘जीएल-४/जीएल-५’ असं एकत्र लिहिलेला डबा बहुतेकदा जीएल-५च्या पूर्ण मात्रेचा असतो. जीएल-४ची झीज-चाचणी त्यात आपोआप पार होते म्हणून दोन्ही छापतात. पुस्तकात फक्त जीएल-४ लिहिलं असेल तर मी असा डबा घेत नाही. त्या ऑईलच्या माहितीपत्रकात सिंक्रोनाइझ्ड गिअरबॉक्ससाठी असल्याचं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल, तरच विचार करा. आणि ‘जीएल-४ प्लस’ असा वर्ग एपीआयच्या (हे वर्ग ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) यादीत नाही. तो विक्रीचा शब्द आहे.

‘लिमिटेड स्लिप’ किंवा ‘एलएस’ लिहिलेलं ऑईल गिअरबॉक्ससाठी सगळ्यात वाईट. त्यात घसरण वाढवणारी वेगळी रसायनं मुद्दाम घातलेली असतात.

*इशारा:* पुस्तकात गिअरबॉक्ससाठीच जीएल-५ लिहिलं असेल, तर जीएल-५च घाला. अशा गाड्या आहेत. पुस्तक माझ्यापेक्षा मोठं.

टप्पा ५: जाडी

गिअर ऑईलचे आकडे आणि इंजिन ऑईलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे. गिअरचं ९० ऐकून ते इंजिनच्या ४०च्या दुप्पट जाड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात १०० अंश सेल्सिअसला गिअरचं ९० हे १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक) असतं आणि इंजिनचं ४० हे १२.५ ते १६.३. म्हणजे जवळजवळ सारखंच. १४० मात्र २४च्या वर जातं. ते खरंच जाड.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत हलायला हवं, असा नियम आहे. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास आला तरी ८०डब्ल्यू आरामात चालतं. पुस्तकाने ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० दोन्हींना परवानगी दिली असेल, तर महाराष्ट्रात कोणतंही चालेल. सकाळी दुसरा गिअर जड जातो अशी तक्रार असेल तर ७५डब्ल्यू घ्या, फरक जाणवतो. गरम झाल्यावर दोन्ही सारखीच.

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो म्हणून १४० भरायचा सल्ला मिळतो. पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात तसं नसेल तर भरू नका. जाड ऑईल अरुंद जागी, बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. सिंक्रो रिंगलाही ते वेळेवर कापता येत नाही, आणि गिअर जड होतो.

जुनी गाडी विकत घेताना हे लक्षात ठेवा: बेअरिंगचा घूंऽऽ आवाज दाबायला बॉक्समध्ये १४० भरलेलं असू शकतं. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात गिअर ऑईल काढून बघा. ते काय होतं हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ट्रेमध्ये बघणं बरं.

सिंथेटिक हवं का? जुन्या बॉक्सला ते लागतंच असं नाही. चांगलं मिनरल ८०डब्ल्यू-९० जीएल-४ पुरेसं आहे. ७५डब्ल्यू-९० घेतलंत तर ते बहुधा सिंथेटिक किंवा अर्धं सिंथेटिकच मिळेल, तेही चालेल. जुने कडक झालेले ऑईल सील आधीच पाझरत असतील, तर ते कोणत्याही ऑईलने पाझरतील. ते आधी बदला.

टप्पा ६: डबा हातात घेऊन वाचा

पुढची बाजू जाहिरातीची असते. डबा फिरवा आणि मागे बारीक अक्षरात या गोष्टी शोधा: एपीआय जीएलपुढचा आकडा, एसएईपुढची जाडी, कशासाठी आहे ते वाक्य. ‘अ‍ॅक्सल’ किंवा ‘डिफरेन्शियल’ एवढंच लिहिलेलं असेल तर गिअरबॉक्ससाठी घेऊ नका. एकाच कंपनीचे दोन वर्गांचे डबे आकाराने आणि रंगाने सारखे असू शकतात, म्हणून गेल्या वेळचा रिकामा डबा दाखवून ‘हेच द्या’ म्हटलं तरी आकडा पुन्हा वाचा.

सुटं ऑईल घेऊ नका. पिंपातून मापाने दिलेलं ऑईल कोणत्या वर्गाचं आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वासावरून ओळखायचा प्रयत्न फसवतो: जीएल-५ला उग्र वास येतो, पण जीएल-४लाही थोडा येतोच.

सील तपासा, उत्पादनाची तारीख वाचा, बिल घ्या. कंपनी आता निवडा. पुस्तकातला वर्ग आणि जाडी जुळत असेल, तर नावाजलेल्या कोणत्याही कंपनीचं सीलबंद ऑईल चालेल. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर जास्त आणा, भरताना थोडं सांडतंच.

टप्पा ७: तयारी

सामान जमवल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही.

- प्लगच्या मापाचा पाना. काही प्लगना षटकोनी डोकं नसतं, चौकोनी खड्डा असतो. त्यात रॅचेटचा चौकोन बसतो. अ‍ॅडजस्टेबल पाना वापरलात तर प्लगचे कोपरे जातील.
- नवे वॉशर. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. वॉशर नसलेला, खाली निमुळता होत जाणारा प्लग असेल, तर त्याच्या आट्यांना सीलंट लागतं.
- मोठा ट्रे, मापाचं भांडं, कॉटन वेस्ट.
- भरायला हातपंप, किंवा मोठी सिरिंज आणि पारदर्शक नळी. आडव्या इंजिनच्या काही गाड्यांत बॉनेटमधून लांब नळी आणि नरसाळ्याने भरता येतं.
- जॅक, आणि उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड. विटा किंवा दगड नाहीत. गाडीखाली माणूस झोपणार आहे.

गाडी चारी बाजूंनी सपाट हवी. नुसती पुढची चाकं उचललीत, तर ऑईल मागे सरकतं आणि लेव्हल खोटी दिसते. शक्य असेल तर गॅरेजचा खड्डा किंवा लिफ्ट वापरा, तिथे गाडी सपाट राहते.

आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. कोमट ऑईल भरभर निघतं आणि तळाचा चुरा सोबत आणतं.

टप्पा ८: आधी भरायचा प्लग, मग काढायचा

*हा क्रम कधीही उलटा करू नका.* जुन्या गाडीचा भरायचा प्लग वर्षानुवर्षं न उघडल्याने गंजून बसलेला असतो. खालचा प्लग काढून सगळं ऑईल सोडलंत आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागेवर अडकली. गिअरबॉक्स कोरडा आणि गॅरेज दोन किलोमीटरवर.

वरचा प्लग हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. आजूबाजूची माती ब्रशने आधीच झाडून घ्या, नाहीतर ती आत पडते.

वरचा प्लग सुटला की खालचा काढा. शेवटच्या आट्यांना प्लग आत दाबत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या, म्हणजे कोपरापर्यंत ऑईल येणार नाही. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्या. डिझेल किंवा रॉकेल ओतून ‘धुवायची’ सवय सोडा. ते कोपऱ्याकोपऱ्यात उरतं आणि नव्या ऑईलला पातळ करतं.

टप्पा ९: निघालेलं ऑईल वाचा

हे बहुतेकजण करतच नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गिअरबॉक्स न उघडता आत काय चाललंय हे सांगणारा हा एकच पुरावा असतो.

मापाच्या भांड्यात ओतून किती निघालं ते बघा. पुस्तकात सव्वादोन लिटर आणि निघालं दीड, तर गळती आहे. ड्राइव्ह शाफ्टचे ऑईल सील पुसून बघा. बॉक्सच्या वरचा श्वास घ्यायचा व्हेंट चिखलाने बुजला असेल, तर आतला दाब सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो. नवीन सील टाकूनही गळतंय अशा गाड्यांत हा व्हेंट जरूर तपासा.

प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असेल, बोटाने पुसला की मऊ लागेल, तर काळजी नाही. ती पोलादाची रोजची झीज. ऑईलमध्ये उन्हात चमकणारा सोनेरी कण म्हणजे पितळ, रिंग झिजते आहे. थोडं चालतं, पण वर्ग तपासा. चुंबकावर टोकदार तुकडा किंवा दाताचा कोपरा सापडला, तर नवीन ऑईल भरून काही साधणार नाही. बॉक्स उघडायलाच हवा.

ऑईल चहासारखं दुधाळ असेल, तर आत पाणी गेलंय. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर व्हेंटमधून पाणी शिरतं. पावसाळ्यात बॉक्स बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका, त्या आठवड्यातच ऑईल काढून बघा.

जुनं ऑईल गटारात किंवा जमिनीत ओतू नका. वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून जुनं ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

टप्पा १०: भरणं

खालचा प्लग पुसून नव्या वॉशरसह बसवा. आधी हाताने तीन-चार आटे जाऊ द्या, मगच पाना लावा. खोकं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे पटकन जातात. पुस्तकात टॉर्क (किती जोराने घट्ट करायचं तो आकडा) दिलेला असेल तर त्याच आकड्याला थांबा. पान्याला पाइप लावून ताकद देऊ नका.

हळूहळू भरा. बहुतेक जुन्या गाड्यांत वरच्या प्लगच्या छिद्राची खालची कड हीच लेव्हल. ऑईल तिथून थेंब थेंब बाहेर यायला लागलं की थांबा, दहा मिनिटं वाट बघा, ते खाली मुरलं तर पुन्हा थोडं घाला. करंगळी आत वाकवून बघितली तर कडेला ऑईल लागलं पाहिजे.

*तपासा:* पुस्तकातलं माप आणि प्रत्यक्ष गेलेलं ऑईल जुळतंय का? खूप कमी गेलं असेल तर गाडी तिरकी आहे. जास्त भरू नका, जास्तीचं ऑईल फेसाळतं आणि सीलमधून क्लचपर्यंत पोचू शकतं.

आधी चुकून जीएल-५ होतं असं कळलं, तर मी एक जादा पायरी करतो: साधं स्वस्त जीएल-४ भरून ३०० ते ५०० किलोमीटर चालवतो, गरम असतानाच काढतो आणि मग ठेवायचं ऑईल भरतो. कोपऱ्यात उरलेलं जीएल-५ असं बाहेर येतं.

गिअरबॉक्सचं झालं की मागच्या डिफरेन्शियलचा डबा वेगळा उघडा. पंपाची नळी पुसा. दोन डबे शेजारी ठेवून काम करत असाल, तर एकावर खडूने मोठा ४ आणि दुसऱ्यावर ५ लिहा.

टप्पा ११: चालवून बघणं

पहिल्या फेरीत घाई करू नका. सगळे गिअर सावकाश दोन-दोनदा टाका. परत आल्यावर प्लगभोवती कागद दाबून बघा. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा ठेवा, डाग पडला तर वॉशर किंवा सील.

गिअरची चाल लगेच बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. रिंगवर बसलेला जुना थर झिजून जायला काही दिवस लागतात. ५०० किलोमीटरनंतर लेव्हल पुन्हा एकदा तपासा. तोपर्यंत थंड गाडीत पटकन टाकलेला दुसरा गिअर तसाच वाजत असेल, आणि टप्पा एकमधली क्लचची परीक्षा गाडी पास झाली असेल, तर रिंग झिजली आहे. आता मिस्त्रीला बॉक्स उतरवायला सांगता येईल. त्याला हेही सांगा की ऑईल बरोबर आहे, म्हणजे तो दुसरीकडे शोधणार नाही.

आणि एक कागद. तारीख, किलोमीटर, वर्ग, जाडी, किती लिटर गेलं, चुंबकावर काय होतं. तो बॉनेटच्या आत प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवा. पुढच्या वेळी हाताखालचा पोरगा ‘काका, यात नव्वद नंबर टाकू ना?’ असं विचारेल, तेव्हा त्याला तो कागद दाखवा.